थपथप राहिली: व्हिडिओतून माणूस पुसण्याविषयी

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



पहिल्या रांगेत माझ्या कॉलेजच्या बाई बसल्यात, त्यामुळे जरा घाबरतच सुरुवात करते. (हशा) मी लेखिका नाही आणि समीक्षक तर अजिबात नाही. बावीस वर्षं नाशकात व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग, अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या फिल्म, आणि कधीतरी नशिबानं एखादा माहितीपट. आयोजकांनी मला विषय दिला होता ‘एआय आणि चित्रपट’. तो माझ्या आवाक्यातला नाही. मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे, कारण त्या कोपऱ्यात मी रोज बसते. चालत्या चित्रातून एखादी हलणारी गोष्ट कापून काढायची. माणूस, गाडी, कुत्रा, काहीही. हे काम आता सॉफ्टवेअर करतं. ते कसं करतं ते थोडक्यात सांगते, आणि मग त्याची पारख कशी करायची यावर बोलते. कारण ‘वा, काय साफ निघालंय!’ एवढंच म्हणून आपण मोकळे होतो, आणि माझं म्हणणं असं आहे की साफ निघणं हा याचा निकषच नाही.

आधी एक दृश्य बघू. (पडद्यावर दृश्य) चौदा सेकंदांचा शॉट आहे. गोदाघाट, रामकुंडापासून थोडं खाली, गाडगे महाराज पुलाच्या अलीकडे. सकाळचं ऊन, पाणी, पायऱ्या, मागे देवळांचे कळस. छान आहे ना? आता परत लावते, पण या वेळी डोळे मिटून ऐका. (दृश्य पुन्हा) काय ऐकू आलं? बरोबर. थपथप. कोणीतरी कपडे धुतंय. आता डोळे उघडून बघा, कोण धुतंय? कोणीच नाही.

ती बाई तिथे होती. पूर्ण चौदा सेकंद, चित्राच्या उजव्या बाजूला, तिसऱ्या पायरीवर. मी तिला काढलं. तुम्हाला ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’ असं शेजारी-शेजारी दाखवायला मला आवडलं असतं. ते शक्य नाही. का, ते शेवटी सांगते.

झालं असं. एक पार्टी आली. नाव सांगत नाही. सिंहस्थ येतोय, त्याआधी घाटाची अडीच मिनिटांची सुंदर फिल्म हवी होती. शूटिंग त्यांच्याच माणसानं केलेलं, चांगलं केलेलं. माझ्याकडे एडिटिंग. पहिला कट बघून त्यांनी यादी दिली. कपडे धुणारी बाई काढा. किटली घेऊन जाणारा चहावाला काढा. एका शॉटमध्ये पायरीवर झोपलेले म्हातारे आहेत, ते काढा. यादीत एक गोष्ट नव्हती. पलीकडच्या काठावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फलक होता. तो काढा असं कोणी म्हणालं नाही. (हशा)

मी काम केलं. पैसे घेतले. रात्री शेवटचं रेंडर बघताना माझ्याकडे काम करणारा मुलगा हेडफोन काढून म्हणाला, “ताई, बाई गेल्या, पण थपथप राहिली.” मी म्हटलं, त्यात काय, वर बासरी टाकू. आणि बासरी टाकली. आत्ता तुम्ही ऐकलीत ती बासरीच्या आधीची प्रत.

आता हे काम पूर्वी कसं व्हायचं ते बघू. चित्रपटात वस्तू कापून वेगळी करायची गरज पहिल्यापासून आहे. मूकपटाच्या काळात ते कॅमेऱ्यातच करत. भिंगासमोर काळं पुठ्ठ्याचं झाकण, अर्धी चौकट झाकायची, चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची, मग दुसरा अर्धा भाग झाकून पुन्हा चित्रण. हँडल हातानं फिरवायचं, फेरे मोजत. एक फेरा चुकला तर सगळं वाया. पुढे अमेरिकेत मॅक्स फ्लायशर नावाच्या गृहस्थानं रोटोस्कोप बनवला. १९१५ साली अर्ज, १९१७ साली पेटंट. चित्रित फिल्म एकेक फ्रेम काचेवर पाडायची आणि माणसाची बाह्यरेषा हातानं गिरवायची. आमच्या धंद्यात या कामाला आजही ‘रोटो’च म्हणतात. फ्लायशरला पेटंट मिळालं त्याच १९१७ साली इकडे फाळक्यांचा ‘लंका दहन’ आला.

माझा चौदा सेकंदांचा शॉट घ्या. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे साडेतीनशे फ्रेम. हातानं रोटो करताना एका फ्रेमला दहा मिनिटं धरली तर अठ्ठावन्न तास होतात. आठवडाभर एक माणूस फक्त त्या बाईची कड गिरवतोय. पदर, कोपर, ओले केस, पिळलेलं लुगडं. हे काम मुंबईत शेकडो पोरापोरींनी केलंय. हॉलीवूडचे जुने चित्रपट थ्रीडी करायची लाट आली तेव्हा प्रत्येक वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी कापावी लागायची. २०१२ साली ‘स्टार वॉर्स’चा पहिला भाग थ्रीडीमध्ये आला, त्याचं रूपांतर प्राइम फोकस या मूळच्या मुंबईच्या कंपनीनं केलं. माझ्याकडे शिकलेली तीन मुलं तशाच रोटोच्या खात्यात लागली. या धंद्यात शिरण्याचा तो दरवाजा होता. कंटाळवाणं काम, पगार कमी, पण शिकायला मिळायचं.

आता सॉफ्टवेअर काय करतं? अ‍ॅडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१० पासून रोटो ब्रश आहे. तेव्हा तो मदतनीस होता, अर्धं काम आपणच करायचो. मग हळूहळू शिकवलेली मॉडेल आली. जुलै २०२४ मध्ये मेटानं सॅम-टू नावाचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. सुमारे ५१,००० व्हिडिओ आणि त्यांत माग काढलेल्या सहा लाखांहून जास्त वस्तू, यांवर ते शिकलेलं. तुम्ही एका फ्रेममध्ये बाईवर एक क्लिक करायचं. ते तिची कड ठरवतं आणि पुढच्या फ्रेममध्ये तिला शोधतं. आधीच्या फ्रेममध्ये ती कशी होती हे ते जवळ ठेवतं, त्यामुळे मध्ये चहावाला आडवा गेला तरी ती पुन्हा दिसल्यावर ओळखतं. कुठे चुकलं तर तिथे आणखी एक क्लिक. माझ्या बाईला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा पदराच्या टोकासाठी.

इथपर्यंत फक्त कापणं झालं. कापलेली गोष्ट काढून टाकली की तिथे भोक राहतं, आणि ते भरायला लागतं. खरी गंमत तिथे आहे, आणि ही गोष्ट मी तुम्हाला नीट समजावून सांगणार आहे, कारण आजच्या व्याख्यानातून एकच काही घरी न्यायचं असेल तर हे न्या.

भोक दोन तऱ्हांनी भरतात. एक, उसनं आणून. चहावाला डावीकडून आला आणि उजवीकडे गेला. तो मध्ये असताना त्याच्यामागची पायरी दिसत नव्हती, पण तो यायच्या आधी दिसत होती आणि गेल्यावरही दिसली. सॉफ्टवेअर त्या फ्रेममधून ती पायरी उचलतं आणि इथे बसवतं. ती पायरी खरी आहे. त्याच सकाळची आहे, फक्त दोन सेकंद इकडची तिकडे झाली.

दुसरी तऱ्हा, बनवून. बाई चौदाही सेकंद तिथेच बसलेली. कॅमेरा स्टँडवर, जागचा हलला नाही. तिच्यामागची पायरी एकाही फ्रेममध्ये टिपलेली नाही. मग उसनं कुठून आणणार? सॉफ्टवेअर आजूबाजूचे दगड बघतं, त्यानं आजवर पाहिलेले हजारो घाट, पायऱ्या, जिने यांच्या अंदाजानं एक पायरी तयार करतं. सुंदर करतं. शेवाळसुद्धा लावतं. पण ती पायरी गोदाघाटावर नाही. ती कुठल्याही पाथरवटानं घडवलेली नाही. पडद्यावर दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. एक घाटावरची, एक कोणाच्याच बापाची नाही. (हशा)

म्हणून म्हणते, साफ निघालं का हा प्रश्न पुरत नाही. उसनं आहे की बनवलेलं, हे विचारा. बघून कळणार नाही, विचारावंच लागेल.

आता थोडं आपल्या गावाच्या माणसाकडे वळू. दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली ती नाशकात, आणि १९४४ मध्ये ते गेले तेही इथेच. आपण त्यांचा पुतळा करतो, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक करतो, पण ते मुळात ट्रिकवाले होते हे विसरतो. जादूचे प्रयोग करायचे. फाळके हे नाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून. तेव्हा डोळ्यांना फसवणं त्यांना चांगलं येत होतं. आणि म्हणूनच मला त्यांची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

१९१९ चा ‘कालिया मर्दन’ बघा. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय. पण चित्रपट कृष्णापासून सुरू होत नाही. सुरुवातीला पाटी येते की सात वर्षांच्या मुलीचे हे मुद्राभिनय आहेत, आणि मग ती मुलगी, साधी मुलगी, कॅमेऱ्यासमोर तोंडं करून दाखवते. राग, हसू, रडू. आणि मग हीच मुलगी कृष्ण होऊन येते, डोहात उडी मारते, नागाशी झटते. तो नाग बनवलेला आहे हे आज शेंबडं पोरही सांगेल. तरी आपण बघत राहतो. का? कारण आपल्याला आधीच विश्वासात घेतलंय. ‘ही माझी मुलगी आहे, आता बघा तिचा कृष्ण कसा होतो.’ एवढंच करून ते थांबले नाहीत. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरच एक छोटी फिल्म केली. तिचे तुकडे आजही बघायला मिळतात. जादूगार स्वतःच्या हातानं टोपी उलटी करून दाखवतोय. प्रेक्षकांची संख्या त्यानं कमी झाली नाही.

मला कोणी म्हणेल, बाई, फाळक्यांचं पौराणिक, तुमचं जाहिरातीचं, तुलना कशाला? मान्य आहे. म्हणून दोन वेगळे ढीग करू.

पहिला ढीग कथापटाचा. इथे पुसण्याला माझी हरकत नाही, उलट मी त्याची बाजू घेते. बाबूभाई मिस्त्री यांचं नाव जुन्या लोकांना आठवेल. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवल्या. अदृश्य माणूस वस्तू उचलतोय असं वाटावं म्हणून. लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणायला लागले. त्या काळी दोरा दिसू नये म्हणून तो बारीक ठेवावा लागायचा. वस्तूसाठी ठीक आहे, पण माणसाला हवेत उचलायचं तर? आज स्टंट करणाऱ्या मुलाला चांगला जाड दोर बांधता येतो, कारण नंतर तो पुसता येतो. पुसण्यामुळे हाडं वाचतात. याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कुठल्याही सॉफ्टवेअरला देणार नाही.

आणि पैशाचंही आहे. २०२२ च्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ या चित्रपटाला पुढे सात ऑस्कर मिळाले. त्याचे बहुतेक दृश्य-परिणाम पाच-सहा जणांच्या टीमनं केले, आणि दोन दगड बोलतात त्या दृश्यात अशाच कापणाऱ्या सॉफ्टवेअरची मदत घेतली. आपल्या देवळाली-भगूरच्या पोरांना हिरवा पडदा आणि दिवे परवडत नाहीत. त्यांना आता घराच्या गच्चीवर शूट करून माणूस वेगळा काढता येतो. ही लहान गोष्ट नाही. रस्त्यावरच्या शॉटमध्ये चुकून एखादं लहान मूल आलं आणि त्याच्या आईबापांची परवानगी नाही, तर ते काढणंच बरोबर.

दुसरा ढीग आहे ‘हे असं आहे’ म्हणून दाखवलेल्या चित्रांचा. बातमी, माहितीपट, गावाची फिल्म, घरचा व्हिडिओसुद्धा. इथे वस्तू आणि तिच्यामागची जागा एकत्र असणं हाच पुरावा असतो. आपल्या नदीत दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की आपण कुठलाही आकडा विचारत नाही. पाणी गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला लागलं का, एवढंच विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरत होते. त्या चित्रात मारुती आणि पाणी यांना वेगळं करता येत नाही, केलं तर पुराची खबरच मरते. आता घरबसल्या एका क्लिकवर मारुती पाण्यातून वेगळा काढता येतो, आणि वर-खाली कुठेही बसवता येतो. पुढच्या पुरात एखादा व्हिडिओ आला तर पलीकडच्या माणसानं घर सोडायचं की नाही, हे त्यावर ठरणार आहे. म्हणून सांगते, ही कलेपुरती चर्चा नाही.

आता बाईकडे परत येते. तिला काढल्यावर काय काय उरलं? आवाज उरला, तो तुम्ही ऐकलात. आणि पाण्याकडे बघा. (दृश्य) उजव्या कोपऱ्यात, थांबवते. हे तरंग बघा. एका बिंदूपासून गोल निघतायत. त्या बिंदूवर कोणीच नाही. तिनं कापड आपटलं की पाणी हललं, आणि ते पाणी तिच्या कडेच्या बाहेर आहे. सॉफ्टवेअरला मी ‘बाई’ दाखवली होती. तिची सावली, तिचं प्रतिबिंब, तिचे तरंग हेही तिचेच, हे त्याला मी सांगितलं नव्हतं. यावर संशोधन चालू आहे. २०२१ मध्ये ऑम्निमॅट नावाचं काम आलं, त्यात वस्तूबरोबर तिची सावली आणि प्रतिबिंबही पकडायचा प्रयत्न होता. म्हणजे उद्या तरंगही पुसले जातील. थपथपही पुसली जाईल, तसली सॉफ्टवेअर आहेतच.

पण मग थांबायचं कुठे? सावली तिची, तरंग तिचे. शेजारून जाणाऱ्या माणसानं तिच्या अंगाला पाणी लागू नये म्हणून जरा वळसा घातलाय, तो वळसा कोणाचा? वरच्या पायरीवरचं कुत्रं तिच्याकडे बघतंय, ती नजर कोणाची? माणूस जागेवर असतो तेव्हा तो त्याच्या बाह्यरेषेच्या आत मावत नाही. रोटो करणाऱ्यांना हे माहीत असायचं. आठवडाभर साडेतीनशे वेळा त्याच बाईकडे बघितलं की कळतं की तिचा डावा खांदा दुखत असावा, ती एका हातानंच पिळतेय. मी तिला एकदाच बघितलं. क्लिक करण्यापुरतं. हातानं काम जाताना पगार गेले, हे तर आहेच. त्याबरोबर हे बघणंही गेलं. मला खरंच वाटतं की साडेतीनशे वेळा बघितल्यावर तिला पुसणं मला जड गेलं असतं. निदान पार्टीला फोन करून एकदा विचारलं असतं, की का काढायची?

आणि कोणाला काढतात, याची यादी करा. मी माझ्या जुन्या कामांची केली. धुणं धुणारी. हातगाडीवाला. भीक मागणारा. झोपलेला म्हातारा. कचरा वेचणारी. फलकावरचे साहेब एकदाही नाहीत. या गावाला हा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. पाच वर्षं चालला. मागणी काय होती? आम्हालाही आत उभं राहू द्या. मी त्या लढ्याची आणि माझ्या चौदा सेकंदांची बरोबरी करत नाही, तेवढी अक्कल मला आहे. एवढंच म्हणते, की देवळाच्या परिसरात कोण दिसावं आणि कोण दिसू नये हे ठरवणारा हात नाशकानं पाहिलेला आहे. तो हात आता माउसवर असेल तर निदान ओळखायला हवा. आणि तो हात माझा होता.

गाडगे महाराजांच्या नावाच्या पुलाशेजारी हे सगळं झालं. त्यांनी झाडू हातात घेऊन जागा साफ केल्या. आम्ही माउसनं केली. त्यांच्या झाडण्यानंतर जागा साफ असायची. (टाळ्या)

आता शेवटचं, कबुलीचं. ‘आधीचं’ दृश्य मी का दाखवू शकत नाही? काम झाल्यावर पार्टीनं रशेस ठेवल्या नाहीत. माझ्याकडे होत्या त्या हार्ड डिस्कवर पुढचं लग्न चढवलं. डिस्क महाग असते, आम्ही सगळेच असं करतो. त्यामुळे त्या सकाळचं जे चित्र जगात शिल्लक आहे त्यात ती बाई नाही, चहावाला नाही, म्हातारे नाहीत. पन्नास वर्षांनी कोणी बघेल आणि म्हणेल, त्या काळी घाट किती शांत होता. फाळक्यांच्या कितीतरी फिल्म नष्ट झाल्या याची आपण हळहळ करतो. त्या आगीनं, ओलीनं, दुर्लक्षानं गेल्या. माझी फिल्म मात्र उत्तम स्थितीत आहे. तीच खोटी आहे.

तर पारख करताना चार प्रश्न विचारा. भरलेलं उसनं आहे की बनवलेलं? काढलेल्या गोष्टीचं काय काय मागे उरलं? कोणाला काढलं, आणि कोणाला ठेवलं? आणि बघणाऱ्याला सांगितलं का? घातलेल्या गोष्टीवर एक वेळ पाटी लावता येते, काढलेल्या गोष्टीवर पाटी कुठे लावणार? म्हणून ती सुरुवातीलाच लावायची, मंदाकिनीसारखी.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: ताई, पण नदीत कपडे धुणं चुकीचंच आहे. प्रदूषण होतं. मग काढलं तर बिघडलं काय?

उत्तर: चुकीचं असेल काका, तर ते बंद करा. तिला दुसरीकडे पाण्याची, धुण्याची सोय करून द्या. मग मी आनंदानं तिच्याशिवायचा घाट शूट करीन. फिल्ममधून ती गेली म्हणून साबण पाण्यातून जात नाही. उलट फिल्म बघून साहेब लोक म्हणतील, झालं की साफ, आता निधी कशाला? (हशा)

प्रश्न: माझ्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओतून तिच्या नवऱ्याला काढून द्याल का? त्यांचा घटस्फोट झालाय. आईला तो व्हिडिओ बघायचा असतो, पण बघवत नाही.

उत्तर: (थोडं थांबून) हो, देईन. तुमच्या आईला माहीत आहे की तो तिथे होता. तिला कोणी फसवत नाहीये, ती स्वतःच मागतेय. फक्त एक करा. मूळ कॅसेट किंवा फाइल टाकून देऊ नका. कपाटात वर ठेवा. उद्या बहिणीच्या मुलांना बघावीशी वाटेल.

प्रश्न: मग तुम्ही हे सॉफ्टवेअर वापरणं सोडलं का?

उत्तर: नाही. पोट आहे. कालच एका लग्नात वरातीच्या शॉटमध्ये घुसलेली रिक्षा काढली. पण दोन गोष्टी बदलल्या. आता यादी आली की मी प्रत्येक नावापुढे ‘का’ लिहून परत पाठवते. निम्म्या वेळा पार्टी स्वतःच म्हणते, राहू द्या. आणि दुसरं, एक हार्ड डिस्क वेगळी घेतलीय. तिच्यावर काहीही पुसायचं नाही, असं आमच्या मुलानं मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.